पैठणीचा पदर उलटा करून बघता, मग वारलीलाच काय झालं?

आपल्याकडं पैठणी घ्यायची म्हणलं की घरातल्या सगळ्या बायका तज्ज्ञ होतात. दुकानात पदर उलटा करणार, मागं कापलेले धागे दिसले की लगेच "ही पावरलूमची आहे, हातमागाची दाखवा". बरोबरच आहे, हातमागाचा पदर दोन्हीकडून जवळपास सारखाच दिसतो हे आमच्या काकूला तोंडपाठ आहे. पण तीच काकू ऑनलाइन स्वस्तात मिळालं म्हणून 'वारली' चित्रं छापलेलं पायपुसणं मागवते आणि तिथं एक प्रश्न विचारत नाही.

पायपुसणं! अहो वारल्यांच्या घरात लग्नाला भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, काढतात, तो सवाशिणी काढतात, त्यात पालघट देवी असते, धवलेरी म्हणजे त्यांची पुरोहित बाई गाणी म्हणत लग्न लावते, चौकाशिवाय लग्न लागत नाही. आणि छापणाऱ्याला देवी काय नि नक्षी काय, सगळं सारखंच.

आता कुणीतरी म्हणणार की खरी वारली म्हणजे गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचीच. तसं काही नसतंय. 1970 च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णींनी डहाणूकडच्या पाड्यांवर कागद नेला, गंजाडचे जिव्या सोमा म्हसे कागदावर काढायला लागले, 2011 ला त्यांना पद्मश्री मिळाली. आज पोरं कापडावर अ‍ॅक्रिलिकनं काढतात, तीबी वारलीच. काढलं कुणी आणि पैसा कुणाच्या हातात गेला, तेवढं विचारा की. 2014 ला वारलीला जीआय (ही कला त्याच भागातली, अशी सरकारी नोंद) मिळालाय, पण गिऱ्हाईकच विचारत नसेल तर दुकानदार कशाला सांगतोय.

ओळखायला अवघड नाही. हातानं काढलेल्यात दोन माणसं तंतोतंत सारखी नसतात, एकाचा त्रिकोण जाड, दुसऱ्याची मान वाकडी, रेघ संपता संपता पातळ झालेली. छापील मालात तारप्याच्या (फुंकून वाजवायचं वाद्य) तालावर नाचणारी अख्खी रांग शिक्का मारल्यासारखी. आणि कलाकाराचं नाव नि पाडा विचारा, ज्यानं खरंच तिथून आणलंय तो पटकन सांगतो, बाकीचे "ट्रायबल आहे मॅडम, हँडमेड आहे" ह्याच्या पुढं जात नाहीत.

बरं, लांब कशाला जायचं, आपल्या तांड्यांवरच बघा. बंजारे आपल्या राज्यात सरकारी कागदावर आदिवासी नाहीत, विमुक्त जातींत आहेत, पण न्याय तोच. त्यांच्या जुन्या फेटिया (घागरे), कांचळ्या (चोळ्या) कापून पर्स, उशांचे अभ्रे करतात. संभाजीनगरला एका प्रदर्शनात मी एका पर्सवर कांचळीची अख्खी बाही ओळखली, आरसे, कवड्या, काखेतल्या घामाच्या डागासकट! लेबलवर डिझायनरचं नाव मोठ्या अक्षरात, टाके घालणारीचं कुठंच नाही. किंमत बघून मी पर्स गपचूप खाली ठेवली.

महाग पडतं म्हणता? मग पोस्टकार्डाएवढं छोटं घ्या, पण नाव लिहिलेलं घ्या.

किनवट-माहूरकडं कुणी तांड्यावरच्या बायकांकडून डायरेक्ट नवीन काम करून घेतलं असेल तर कमेंटमध्ये गाव लिहा. त्यांचा नंबर मात्र जाहीर टाकू नका, आधी त्यांना विचारा.