जमिनीखालचा उपसा दिसला पाहिजे

लोक स्वार्थी म्हणून गावचं पाणी संपलं, असं दर उन्हाळ्यात कुणीतरी लिहितं. मला ते अजिबात पटत नाही. शेजारच्या शिवारात रात्रभर बोअरची गाडी घरघरते, सकाळी कळतं की 500 फुटांवर दोन इंच पाणी लागलं. थोड्याच दिवसांत आपल्या विहिरीवरची मोटर हवा धरते आणि डाळिंबाची बाग डोळ्यांदेखत सुकू लागते. मग आपणही गाडी बोलावतो, 700 फूट जातो. आपण थांबलो तरी तो उपसणारच! ज्याचा त्याचा हिशेब बरोबर असतो आणि गावाला टँकर लागतो.

हाच पेच 1950 साली अमेरिकेत रँड या संशोधन संस्थेत मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर यांनी गणितात मांडला. गणितज्ञ अल्बर्ट टकरने त्याला दोन कैद्यांची गोष्ट जोडली: दोघंही गप्प राहिले तर दोघांचं भलं, पण दुसऱ्याचा भरवसा नाही म्हणून प्रत्येक जण कबुली देतो आणि दोघांनाही जास्त शिक्षा होते. पण ते कैदी वेगवेगळ्या खोल्यांत असतात, डावही एकदाच होतो. बांधाला बांध असलेल्यांचं तसं नाही, त्यांची पुढची पिढीसुद्धा तिथेच नांदायची असते. राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲक्सेलरॉडने दोन स्पर्धा भरवून हा डाव संगणकावर पुन्हा पुन्हा खेळवला, तेव्हा दोन्ही स्पर्धांत अनातोल रापोपोर्टची साधी चाल जिंकली: आधी साथ द्यायची, मग समोरचा वागेल तसं वागायचं.

पण समोरचा कसा वागला हे कळणार कसं? बोअरमधून किती पाणी गेलं ते कुणालाच दिसत नाही. माझ्या मते खरी गोम इथे आहे.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी पीएचडीच्या वेळी लॉस एंजेलिसजवळचं भूजल अभ्यासलं होतं. अतिउपशामुळे तिथे समुद्राचं खारं पाणी आत शिरत होतं. उपसा करणाऱ्यांनी आपापसांत वाटे ठरवले, कोर्टाकडून मान्य करून घेतले आणि कुणी किती उपसलं याचा दरवर्षी नावानिशी अहवाल निघू लागला. एकमेकांवर विश्वास ठेवायला मग काहीतरी आधार झाला.

आपल्या हिवरे बाजारातही पाऊस मोजतात, विहिरींची पातळी बघतात आणि ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधी माणसं आणि जनावरं, उरलं त्यावर रब्बी. शेतीसाठी बोअर बंद, ऊस-केळी बंद. नियम कडक आहेत, पण सगळ्यांना सारखे आहेत, म्हणून ते पाळणारा मूर्ख ठरत नाही.

लोकांना संयमाचे उपदेश करणं आता पुरे. प्रत्येक गावात दिवाळीआधी चावडीवर विहिरींची पातळी आणि बोअरचा उपसा गट नंबरासकट लागला पाहिजे, सरपंचांच्या शेतापासून सुरुवात करून.