स्वीडनची सून तीन दिवसांत नर्स झाली म्हणे!

करोनातला तो मेसेज मेला म्हणावा तर पुन्हा उठतो. या वेळी आमच्या घरच्या ग्रुपवर काकांनी टाकला, तोही मुद्दाम वहिनीला टॅग करून. वहिनी सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे आणि तेव्हा नाइट करून झोपली होती. मजकूर थोडक्यात असा: एके काळची जगप्रसिद्ध मॉडेल, स्वीडनची राजकन्या सोफिया हिने करोनात राजवाडा आणि किताब सोडला, ती नर्स झाली, कोविड वॉर्डात फुकट सेवा केली, आपल्या नर्सेस मात्र पगारासाठी संप करतात. खाली हात जोडलेले इमोजी.

राजवाडा-किताब सोडला हे साफ खोटं. 2015 साली राजपुत्र कार्ल फिलिपशी लग्न झालं, तेव्हापासून ती त्या घराण्याची सून आहे आणि किताब तिच्याकडेच आहे. ऑक्टोबर 2019 मध्ये राजाने आपल्या काही नातवंडांची 'रॉयल हायनेस' ही उपाधी काढली, त्यात तिची मुलं होती. मला वाटतं गोंधळ तिथूनच झाला असावा. पण मुलांची काढली, तिची नाही.

जगप्रसिद्ध मॉडेल वगैरे जाऊ द्या. पुरुषांच्या एका मासिकातले फोटो आणि 2005 चा 'पॅराडाइज हॉटेल' हा रिॲलिटी शो, एवढंच. नाव झालं ते स्वीडनमध्ये, आणि राजपुत्राशी जमल्यावर त्याच फोटोंवरून तिला बोलणी खावी लागली.

आता नर्स. इथे माझं डोकं फिरतं. एप्रिल 2020 मध्ये स्वीडनच्या राजदरबाराने स्वतःच जाहीर केलं होतं की सोफियाने स्टॉकहोमच्या सोफियाहेमेट या संस्थेत तीन दिवसांचा ऑनलाइन कोर्स केला आणि ती तिथल्याच रुग्णालयात मदतीला जाणार आहे. या संस्थेची ती तेव्हा मानद अध्यक्ष होती. हा कोर्स मुळात एसएएस विमान कंपनीच्या, उड्डाणं बंद पडल्याने घरी बसलेल्या केबिन क्रूसाठी काढलेला. कामं कोणती? साफसफाई, स्वयंपाकघरात मदत, उपकरणं निर्जंतुक करणं. कोविड रुग्णांची थेट शुश्रूषा त्यात नव्हतीच. नर्स आणि डॉक्टरांना त्यांच्या कामासाठी मोकळं करायचं, हाच हेतू.

म्हणजे आपल्याकडे वॉर्डातल्या मावशी आणि मामा करतात ते काम. बेडपॅन, चादरी, ट्रॉली पुसणं. रात्री मावशी एकच असली की वहिनी सलाइन लावता लावता चादर बदलायला धावते. हे ओझं कमी करायला तिथे माणसं तयार केली, आणि त्याच बातमीतून इथे नर्सलाच टोमणा! जीएनएम या नर्सिंगच्या डिप्लोमाला तीन वर्षं लागतात, बीएस्सी नर्सिंगला चार. तीन दिवसांत स्वीडनमध्येही कोणी नर्स होत नाही.

आणि ते 'फुकट'. जिला महिनाअखेरीची चिंता नाही तिने पगार घेतला नाही, म्हणून जिला घराचे हप्ते भरायचेत तिने लाजायचं? मे 2022 मध्ये राज्यातल्या सरकारी नर्सेस संपावर गेल्या, तेव्हा मोठा मुद्दा बाहेरच्या कंपन्यांमार्फत होणाऱ्या कंत्राटी भरतीचा होता. वॉर्डात कायमची माणसं हवीत, हे मागणं काकांना हावरटपणा वाटतं. अँजिओप्लास्टीच्या वेळी याच वहिनीला रात्री दोनला फोन केला होता, ते आठवत नाही.

बरं, तिने काम केलं हे खरं. निळ्या गणवेशातला फोटोही खरा आहे. सक्ती नसताना केलं, एवढं मान्य.

कौतुकच करायचं होतं तर त्याहून चांगलं काहीतरी हाताशी होतं. 2010 साली, लग्नाच्या पाच वर्षं आधी, सोफियाने मैत्रिणीबरोबर 'प्रोजेक्ट प्लेग्राउंड' ही संस्था काढली. केपटाउनच्या लांगा वस्तीत मुलांना खेळ आणि शाळेनंतरचे उपक्रम मिळावेत, म्हणून. तेव्हा ना किताब होता ना राजवाडा. मेसेजात त्याचं अवाक्षर नाही.