चेकडिस्क मारून मेलेली डिस्क उठत नाही, भावांनो

कोल्हापूरच्या ग्रुपांवर एक मेसेज लई फिरतोय. त्यात लिहिलंय, हार्ड डिस्क खराब झाली की दुकानदाराला पैसे देऊ नका, चेकडिस्क (विंडोजचीच डिस्क तपासायची कमांड) मारा, बॅड सेक्टर (डिस्कवरच्या वाचता न येणाऱ्या खराब जागा) दुरुस्त होतात, नाहीतर विंडोज नवीन टाका, डी ड्राइव्ह सेफच राहतो, आणि डिस्क चालूच होईना तर फ्रीजरमध्ये ठेवा.

चेकडिस्कचं आधी. मध्येच लाइट गेली आणि फाइल सिस्टिम (कुठली फाइल कुठं आहे त्याची नोंद) गडबडली, तर 'एफ' (/f, म्हणजे चुका दुरुस्त कर) लावून मारलेलं चेकडिस्क खरंच काम करतं, तेवढं बरोबर आहे. पण बॅड सेक्टर ते दुरुस्त करत नाही, वाचता येईल तेवढं काढून घेतं आणि ती जागा वापरायची नाही म्हणून खूण करतं. त्यात 'आर' (/r, म्हणजे खराब जागा शोध) लावलं की अख्खी डिस्क वाचत बसतं, आणि जी डिस्क आधीच टक टक आवाज करतीय तिला तासन् तास पळवली तर मधेच कायमची बसू शकते. वरनं कधी फोटोंच्या जागी 'फाउंड' नावाच्या फोल्डरात नुसत्या सीएचके फायली (मूळ नाव गेलेले तुकडे) मिळतात, मग बसा कुठला फोटो कशात ते शोधत. म्हणून पहिलं क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून बघा. पिवळं 'कॉशन' दिसलं, रिअलोकेटेड (खराब म्हणून बदललेल्या) किंवा पेंडिंग (संशयित) सेक्टरचा आकडा वाढत चाललाय, तर दुरुस्ती राहू दे, आधी माल बाहेर काढा. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरनं बूट करून डीडीरेस्क्यूनं (खराब डिस्कची कॉपी काढणारा प्रोग्राम) दुसऱ्या डिस्कवर कॉपी घ्यायची, ते चांगला भाग आधी उचलतं आणि अडकलेल्या जागी नंतर परत येतं. चेकडिस्क मारायचंच असेल तर त्या कॉपीवर मारा.

विंडोज टाकल्यानं डिस्क नवी होते म्हणे! टाकताना होणारं क्विक फॉरमॅट नुसती फायलींची यादी नवीन लिहितं, खराब जागा तिथंच. फुल फॉरमॅट व्हिस्टापासून सगळीकडं शून्य लिहितं, म्हणजे डेटा गेलाच.

आणि डी ड्राइव्ह सेफ? अरे, सी आणि डी बहुतेक मशीनमध्ये एकाच डिस्कचे दोन तुकडे असतात, डिस्क मेली की दोघं एकदम जातात. इन्स्टॉल करताना सगळी पार्टिशन डिलीट मारणारेही कमी नाहीत. लॅपटॉपवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर बघून लिहून ठेवा, नाहीतर डी तिथंच असेल पण उघडणार नाही.

फ्रीजरचं तर नादच खुळा. बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि हेड (वाचणारी सुई) तर प्लॅटरच्या (फिरणाऱ्या तबकडीच्या) अगदी केसाहून कमी अंतरावर तरंगत असतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरासारख्या पाण्यात भिजलेल्या डिस्कचंही तसंच, उन्हात वाळवून करंट द्यायचा नाही, तशीच डेटा रिकव्हरीवाल्याकडं न्यायची.

राहिला दुकानदार. काहीजण न बघताच फॉरमॅट मारतात, हे खरं. मशीन देतानाच सांगा की आधी मला स्मार्टचा (डिस्कच्या तब्येतीचे आकडे, क्रिस्टलडिस्कइन्फोत दिसतात ते) स्क्रीन दाखव, मग हात लाव.