परमिट म्हणजे काय असतं, तात्या

गावाकडच्या ग्रुपवर परत तोच विषय पेटलाय. परप्रांतीय, लोंढे, मुंबई-पुणं हातचं गेलं, आता विट्यात पण पाणीपुरीवाला हिंदीत बोलतो वगैरे. मी अशा ठिकाणी शक्यतो गप्प असतो, पण यावेळी तात्यांनी थेट मलाच ओढलं. तात्या म्हणजे चुलत चुलते, पंच्याहत्तरी ओलांडलेली, भावकीत शब्दाला मान. त्यांनी लिहिलं, "आपला पोरगा जर्मनीला गेला तो परमिट काढूनच गेला ना? असाच उठून गेला का? मग महाराष्ट्रात यायला परमिट का नको?" खाली 'एकच नंबर तात्या' म्हणणाऱ्यांची रांग.

तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय. ऑफिसात मीटिंग चालू असते आणि मी मनातल्या मनात तात्यांना उत्तर देत बसतो.

तात्या, परमिट म्हणजे एसटीचा पास नव्हे, एकदा काढला, खिशात टाकला, विषय संपला. माझ्याकडे ब्लू कार्ड आहे, म्हणजे युरोपियन युनियनबाहेरच्या शिकलेल्या माणसाला नोकरीवर मिळणारं परमिट, त्याच्यासोबत एक हिरवा कागद येतो, झूसात्सब्लाट, आणि सगळा जीव त्या कागदात असतो. सुरुवातीला त्यावर कंपनीचं नाव होतं. म्हणजे मी जर्मनीत राहत नव्हतो, मी त्या कंपनीत राहत होतो. पहिल्या वर्षात नोकरी बदलायची तर परदेशी लोकांच्या कार्यालयाला कळवा, ते नको पण म्हणू शकतात. पगाराची अट दरवर्षी बदलते, २०२५ साली वर्षाला ४८,३०० युरो, आणि आयटीसारख्या ज्या कामांना माणसं मिळत नाहीत तिथं ४३,७५९ युरो ८० सेंट. त्या ८० सेंटांचं मला फार कौतुक वाटतं. कुणीतरी बसून हिशोब केलाय की माणूस कितीला परवडतो.

नोकरी गेली की दोन आठवड्यांत कळवायचं, मग दुसरी शोधायला साधारण तीन महिने. आमच्या गाड्यांच्या धंद्यात गेली दोन वर्षं माणसं कमी करायच्याच बातम्या आहेत, आमच्या मजल्यावरचे जर्मन लोक त्यावर कॅन्टीनमध्ये जोक करतात, आणि माझ्यासारखे चारपाच जण तिथंच बसून मनात महिने मोजतात. मॅनेजरशी वाद घालायच्या आधी मला कार्डवरची तारीख आठवायची. हे कुठल्या फॉर्मवर लिहिलेलं नसतं.

आणि कार्ड संपायला आलं की नवीन मिळेपर्यंत फिक्शन. इथले सगळे देसी तेच म्हणतात, पूर्ण नाव घेताना जीभ अडकते. अर्ज दिलाय, निर्णय व्हायचाय, तोपर्यंत हा माणूस कायदेशीर आहे असं सांगणारा हिरवट घडीचा कागद. एकदा हा कागद घेऊन मी गावी आलो होतो आणि परत जाताना मुंबई विमानतळावर चेक-इनच्या मुलीने तो उलटा धरला, मग सुलटा, मग मागच्या काउंटरवरच्या साहेबांना दाखवला, त्यांनी अजून कुणाला फोन लावला. मी सांगतोय, मॅडम, तिसरं पान उघडा, तिसऱ्या चौकोनात फुली आहे बघा, त्या फुलीवर परत जाता येतं. मागं सांगली-कोल्हापूरकडची एक आजी व्हीलचेअरवर बसून माझ्याकडे अशी बघत होती की मी सोनं घेऊन निघालोय. शेवटी सोडलं. पण एवढी डिग्री, एवढा टॅक्स भरून माझं सगळं एका फुलीवर, असं वाटून जातं.

हे सगळं तात्यांना बिहारच्या पोराला लावायचंय. बरं.

मूळ मुद्दा असा की तात्यांची तुलनाच चुकीची आहे. माझ्या शेजारच्या टेबलावर बल्गेरियाचा एक जण बसतो, प्लोवदिवचा. तो गाडीत सामान भरून आला, बुर्गरआम्टला, म्हणजे नागरी कार्यालयात, जाऊन आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंद, केलं आणि कामाला लागला. ना व्हिसा, ना परमिट, ना फुली. कारण बल्गेरिया युरोपियन युनियनमध्ये आहे. बिहारचा पोरगा पुण्यात येतो तो या बल्गेरियनसारखा येतो, माझ्यासारखा नाही. तो परदेशी नाहीये, तात्या. संविधानाच्या १९ व्या कलमात कुठंही जायचा, कुठंही राहायचा हक्क लिहिलाय. गंमत म्हणजे बल्गेरिया आणि रुमानिया २००७ ला युनियनमध्ये आले तरी जर्मनीने २०१३ संपेपर्यंत त्यांना कामाचं परमिट लावून ठेवलं होतं, भीती तीच, लोंढे येतील. मग २०१४ पासून काढलं. आता आमच्या गल्लीत म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या निम्म्या बायका तिकडच्याच आहेत, कुणी हूं की चूं करत नाही.

आणि परमिटची भाषा कोणी करावी? खानापूर तालुक्याच्या माणसाने? आपल्याकडं घरटी एक जण गलाईत. आटपाडी, तासगाव, विटा, इथली माणसं सोनं-चांदी गाळायला केरळपासून आसामपर्यंत कुठल्या शहरात नाहीत? सराफ कट्ट्याच्या मागच्या बोळात ॲसिडच्या वासात आयुष्य काढलं लोकांनी. तात्यांचे सख्खे मेव्हणे कानपूरला होते, त्यांना कोणी विचारलं होतं का परमिट? दसऱ्याला पालख्यांच्या शर्यतीला विट्यात गर्दी व्हायची तेव्हा निम्म्या गाड्यांवर परराज्याच्या पाट्या असायच्या आणि आम्ही पोरं त्या वाचत फिरायचो. तेव्हा कोणी त्यांना लोंढा म्हटलं नाही, त्यांना शेठ म्हणायचे. आणि टेंभू योजनेचं पाणी आल्यापासून तात्यांनी द्राक्षं लावलीत, त्यांच्या बागेत ऑक्टोबर छाटणीला टोळी येते ती बिहारचीच. मुकादमाला उचल तात्याच पाठवतात.

पण भाषेचं मात्र मी तात्यांच्या बाजूचा आहे, सरळ सांगतो. इथं मला जर्मन भाषेची बी१ पातळी करावी लागली (ए१, ए२, मग बी१ अशा चढत जातात), केली. पस्तिशीत बसून डेर-डी-दास घोकलं, रात्री लेकीला झोपवून. बी१ असेल तर ब्लू कार्डवाल्याला २१ महिन्यांत पर्मनंट राहायचा हक्क मिळतो, फक्त ए१ असेल तर २७. म्हणजे भाषेची किंमत सहा महिने, स्वच्छ लिहिलेली. आणि तिकडं पुण्यात वीस वर्षं राहून एक वाक्य मराठी न येणारे माझेच कॉलेजचे मित्र आहेत, त्यांना काही बोललं की मी संकुचित. आपल्या सरकारांनी तरी काय केलं, २०१० ला टॅक्सीच्या परमिटला १५ वर्षं राहिल्याचा दाखला आणि मराठी हवी असं मंत्रिमंडळाने ठरवलं आणि दुसऱ्याच दिवशी मुख्यमंत्री म्हणाले मराठी, हिंदी, गुजराती, काहीही चालेल. इथला क्लार्क तरी बरा, नाही म्हणतो तर नाही, फॉर्म तोंडावर परत. १५ वर्षांचा आकडा पण बघा जरा. जर्मनी पाच वर्षांत पासपोर्ट देते. (माहितीये, तो दाखला टॅक्सीला होता, नुसतं राहायला लागत नाही, पण ग्रुपवर एवढं बारीक कोण बघतं.)

आणि हे जर्मन काही संत नाहीत. २००० साली इथल्या सरकारने आयटीवाल्यांसाठी ग्रीन कार्ड काढलं तेव्हा एका राज्याच्या निवडणुकीत 'किंडर श्टाट इंडर' अशी एका पक्षाची घोषणा चालली होती, भारतीय कशाला, आपली पोरं तयार करा. ती निवडणूक तो पक्ष हरला, ते वेगळं. पण त्या घोषणेतले भय्ये आम्ही होतो.

आता खरं दुखणं. २७ जून २०२४ पासून जर्मनी म्हणते, पाच वर्षं झाली ना, घे नागरिकत्व, जुना पासपोर्ट पण ठेव. भारत म्हणतो नाही, एकच. माझी नागरिकत्वाची परीक्षा पास होऊन कधीच झालीय, ३३ प्रश्न असतात, १७ बरोबर आले तरी चालतं. फॉर्म भरलेला आहे, फोल्डरमध्ये. देत नाही. बायको म्हणते, उगाच नाटकं करतोस, लेकीचा पासपोर्ट जर्मनच आहे, ओसीआय, ते परदेशी पासपोर्टवाल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड, काढून आजीकडे जातेच की ती. खरंय. ओसीआयवर शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वडिलोपार्जित येऊ शकते, सातबाऱ्याचं काही अडत नाही, हे मी वकिलाला विचारून घेतलंय. तरी देत नाही. मला इथलं व्हायचं नाही असं नाही, इथली ट्राम पाच मिनिटं लेट झाली तर मीच आता चिडतो. पण मी तिथला नाही असं आपल्या हाताने लिहून द्यायचं जिवावर येतं. आणि तात्यांनी 'आपला पोरगा' लिहिलं ते वाचून, एवढा राग आलेला असताना, बरं पण वाटलं. त्यांना उत्तर लिहिलेलं आहे, लांबलचक, पाठवत नाहीये, त्याचं कारण बहुतेक हेच असावं.

तोपर्यंत तात्यांच्या नातवाचा वेगळा मेसेज आलाय. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी करार केला ना, १०,००० कुशल तरुण पाठवायचा, त्यात याचं काही जमतंय का बघतोय. आयटीआय इलेक्ट्रिशियन, ए२ चालू आहे. तात्यांनीच सांगितलं म्हणे, काकाला विचार. मी त्याला सांगितलं, करार येईल तो नीट वाच, पगार आणि कामाचं नाव दोन्ही बघ, हिरवा कागद हरवू नको. तो म्हणाला, काका, तिथले लोक आपल्याला बाहेरचे म्हणत नाहीत ना? म्हटलं, फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत पाचातल्या एकाने ज्या पक्षाला मत दिलं तो पक्ष म्हणतो. बाकी चौघांचं बघू, तू आधी बी१ कर.