सीमेपलीकडून येणाऱ्या धुराचा हिशेब कोणी ठेवायचा?

दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे दिल्लीच्या हवेची बातमी येते, तिच्यासोबत पंजाबातल्या जळत्या शेताचे छायाचित्र येते आणि देवदिवाळी उलटेपर्यंत आपल्याकडे दोन्हींचा विसर पडतो. नोकरीनिमित्त काही वर्षे दिल्लीला लागून असलेल्या, उत्तर प्रदेशातल्या गाझियाबादेत राहत असल्यामुळे मला ही बातमी विसरता येत नाही. इथे राहून माझे असे मत झाले आहे की या प्रश्नात यंत्रे, पैसा, तंत्रज्ञान यांची उणीव नंतरची आहे. मुळात एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या प्रदूषणाची जबाबदारी ज्याच्या खात्यावर लिहावी असे खातेच आपल्या कायद्याने उघडलेले नाही.

दिल्लीच्या पूर्व टोकाला आनंद विहारचे आंतरराज्य बसस्थानक आहे आणि त्याच्या समोर, रस्ता ओलांडला की, उत्तर प्रदेशाचे कौशांबी बसस्थानक लागते. आनंद विहारच्या हवामापन केंद्राचा आकडा दिल्लीतल्या सर्वांत वाईट आकड्यांमध्ये नेहमी असतो. कौशांबीला उभ्या राहणाऱ्या उत्तर प्रदेशाच्या डिझेल बसगाड्यांमुळे आमचा आकडा चढतो, अशी दिल्ली सरकारची जुनी तक्रार आहे. तक्रारीत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही, कारण संध्याकाळी त्या रस्त्यावर दहा मिनिटे उभे राहिले तरी घसा धरतो. मात्र दिल्लीच्या प्रदूषण नियंत्रण समितीचा अधिकार रस्त्याच्या अलीकडे संपतो आणि उत्तर प्रदेशाच्या मंडळाचा पलीकडे सुरू होतो. आमच्या भागात कचरा जळत असल्याची तक्रार घेऊन गेलेल्या शेजाऱ्यांना एका कार्यालयाने, तो ढीग आपल्या हद्दीत नाही, असे सांगून परत पाठवले होते. ढीग नाल्याच्या पलीकडे होता आणि धूर अलीकडे.

ही अडचण १९८१ च्या वायू प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण कायद्यापासूनची आहे. त्या कायद्याने प्रत्येक राज्याला स्वतःचे मंडळ दिले आणि त्या मंडळाला आपल्या हद्दीतल्या कारखान्यांना संमती देण्याचा, नाकारण्याचा व नोटीस काढण्याचा अधिकार दिला. हरियाणातल्या सोनीपतच्या कारखान्यामुळे दिल्लीच्या नरेल्यातली हवा बिघडत असेल, तर दिल्लीने हरियाणाला पत्र लिहायचे आणि हरियाणाने ते दप्तरी दाखल करायचे, यापलीकडे त्या कायद्यात फारसे काही घडत नाही. राहिला सर्वोच्च न्यायालयाचा दरवाजा, आणि तो आपण इतका ठोठावला आहे की १९८५ साली दाखल झालेल्या एम. सी. मेहता यांच्या याचिकेत दिल्लीच्या हवेवर चार दशकांनंतरही आदेश निघत राहिले.

धूर कुठून येतो हे कळत नाही, ही सबब आता चालण्यासारखी नाही. टेरी ही ऊर्जा व पर्यावरणावर संशोधन करणारी आणि पुण्याची एआरएआय ही वाहनांवर संशोधन करणारी, या संस्थांनी २०१८ मध्ये केलेल्या अभ्यासानुसार हिवाळ्यात दिल्लीतल्या पीएम २.५ या अतिसूक्ष्म कणांपैकी सुमारे ३६ टक्केच दिल्लीचे स्वतःचे होते; बाकीचे राजधानी क्षेत्रातल्या, म्हणजे दिल्लीभोवतालच्या, इतर जिल्ह्यांतून आणि त्याही पलीकडून आलेले होते. पुण्यात पाषाणला असलेल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची निर्णय-साहाय्य प्रणाली तर झज्जर, सोनीपत, बुलंदशहर अशी जिल्ह्यांची नावे घेऊन दिल्लीच्या हवेतला त्यांचा वाटा टक्क्यांत दाखवते. ही टक्केवारी संगणकीय प्रतिमानांतून येते आणि उत्सर्जनाच्या नोंदी जितक्या ताज्या तितकीच ती भरवशाची, त्यामुळे तिच्यावर वाद घालायला जागा आहे. तो वाद अवश्य व्हावा, पण तो कुठे घालायचा? ही टक्केवारी कोणत्याही राज्याला कायद्याने बांधत नाही. ती संकेतस्थळावर येते, वाहिन्यांवर तिची चर्चा होते आणि दुसऱ्या दिवशी नवी टक्केवारी येते.

बांधील कोणीच नसले की आरोप करणे स्वस्त होते. २०२२ पूर्वी दिल्लीतले आम आदमी पक्षाचे सरकार पंजाबच्या काँग्रेस सरकारकडे बोट दाखवत असे. मार्च २०२२ मध्ये पंजाबही त्याच पक्षाकडे आल्यावर ते बोट हरियाणाकडे वळले. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्ली भाजपकडे गेली आणि बोट पुन्हा पंजाबकडे आले. या सर्व काळात हिवाळी वाऱ्याची दिशा मात्र वायव्येची ती वायव्येचीच राहिली.

२०२० च्या ऑक्टोबरात अध्यादेशाने आणि २०२१ मध्ये कायद्याने राजधानी क्षेत्र व लगतच्या भागासाठी हवा गुणवत्ता व्यवस्थापन आयोग आला, तेव्हा मला खरोखर आशा वाटली होती. दिल्ली, पंजाब, हरियाणा, राजस्थान आणि उत्तर प्रदेश एका आयोगाखाली आले, राज्याच्या आदेशापेक्षा आयोगाचा आदेश वरचढ ठरला आणि आदेश मोडणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली. नदीचे पाणलोट क्षेत्र असते तसे हवेचेही क्षेत्र असते, हे आपल्या कायद्याने प्रथमच मान्य केले. पण आयोगाच्या आदेशांचे स्वरूप पाहिले तर ते बहुतेक वेळा काय बंद करायचे हे सांगतात: बांधकाम बंद, डिझेल जनरेटर बंद, ट्रकना प्रवेश बंद. राज्यांकडून पराली, म्हणजे भाताच्या कापणीनंतर शेतात उरलेला पेंढा, जाळणे रोखण्याचे आराखडे मागवले जातात, परंतु हरियाणातून दिल्लीत येणारे सूक्ष्म कण अमुक वर्षापर्यंत इतक्या टनांनी कमी झाले पाहिजेत आणि न झाल्यास त्याचे उत्तर हरियाणाने द्यायचे, असा मापातला वाटा कोणत्याही राज्याच्या नावावर मांडलेला नाही. हवा बिघडली की बंदी लागते आणि तिची किंमत आधी मोजतो तो नाक्यावर उभा राहणारा बांधकाम मजूर, ज्याचा त्या दिवसाचा रोज बुडतो.

परालीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण महाराष्ट्रातून तिच्याकडे पाहताना शेतकरी आळशी किंवा बेफिकीर आहे असा समज सहज होतो. भूजल वाचवण्यासाठी पंजाब आणि हरियाणाने २००९ मध्ये कायदे करून भाताची लावणी जूनमध्ये पुढे ढकलली. त्यामुळे कापणीही पुढे गेली आणि गव्हाच्या पेरणीपूर्वी हाती जेमतेम दोन-तीन आठवडे उरले. हार्वेस्टर वरची लोंबी कापून घेतो आणि मागे गुडघ्याएवढी धसकटे व पसरलेला पेंढा सोडतो. ते जमिनीत गाडायचे तर सुपर सीडर हवा, उचलून न्यायचे तर बेलर हवा. दोन्हींना भाडे व डिझेल लागते आणि त्याच पंधरवड्यात साऱ्या गावाला तीच यंत्रे हवी असतात. काडेपेटी मात्र घरातच असते. पाण्यासाठी केलेल्या कायद्याने जाळण्याचा हंगाम नेमका वारा मंदावण्याच्या दिवसांत आणून ठेवला, आणि हे दोन हिशेब एकत्र मांडण्याचे काम कोणाचेही नव्हते.

२०१८ पासून केंद्राने यंत्रांवर अनुदान दिले आणि पंजाबात नोंदल्या गेलेल्या आगी २०२१ मधल्या ७१,३०४ वरून २०२४ मध्ये १०,९०९ वर आल्या. ही घट पूर्ण खरी असती तर मला आनंदच होता. परंतु ज्या उपग्रहांवरून ही मोजणी होते ते दुपारी दीडच्या सुमारास वरून जातात, आणि त्यानंतर आगी लावल्या जात असल्याचे दिवसभर नजर ठेवणाऱ्या भूस्थिर उपग्रहाच्या चित्रांवरून शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. आगींची संख्या हेच उद्दिष्ट ठेवले की आगींची वेळ बदलते. सीमेवरून किती धूर ओलांडला हे उद्दिष्ट असते, तर ही पळवाट उरली नसती.

अमेरिकेचे उदाहरण मी इथे भक्तीने देत नाही, पण ते शिकण्यासारखे आहे. तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच जॉर्जिया राज्याने टेनेसीतल्या तांब्याच्या भट्ट्यांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली होती. भट्ट्यांच्या गंधकी धुराने जॉर्जियाची जंगले वाळत होती. न्यायमूर्ती होम्स यांनी १९०७ मध्ये निकाल जॉर्जियाच्या बाजूने दिला. पुढे स्वच्छ हवा कायद्यात ‘चांगला शेजारी’ या नावाने ओळखली जाणारी तरतूद आली: एका राज्यातल्या प्रदूषणामुळे दुसऱ्या राज्याला हवेची मानके गाठण्यात लक्षणीय अडथळा येत असेल, तर ते रोखणे हे पाठवणाऱ्या राज्याचे कर्तव्य ठरते. धूर सोसणाऱ्या राज्याला केंद्रीय संस्थेकडे थेट अर्ज करता येतो आणि त्यावर निर्णय देण्यासाठी ६० दिवसांची मुदत आहे, मग प्रत्यक्षात ती कितीही वेळा चुकत असो.

त्यातला सर्वांत उपयुक्त भाग वाटणीचा आहे. २०११ च्या नियमात तिथल्या पर्यावरण संस्थेने दोन पायऱ्या ठेवल्या. वारा ज्या राज्याकडे जातो तिथल्या प्रदूषणात हवेच्या मानकाच्या १ टक्क्यापेक्षा कमी भर घालणाऱ्या राज्याला वगळायचे. उरलेल्यांना समान टक्केवारी न लावता, एक टन प्रदूषण कमी करायला किती खर्च येतो हे पाहून, ठरावीक खर्चात जेवढे कमी होऊ शकते तेवढे कमी करायला लावायचे. म्हणजे ज्याने आधीच चांगली यंत्रे बसवली आहेत त्याच्यावर पुन्हा भार येत नाही आणि ज्याने काहीच केलेले नाही तो सुटत नाही. २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध २ मतांनी ही पद्धत उचलून धरली; निकाल न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी लिहिला. दहा वर्षांनी, जून २०२४ मध्ये, त्याच न्यायालयाने ओझोनविषयीच्या पुढच्या नियमाला ५ विरुद्ध ४ मतांनी स्थगिती दिली. तिथेही हे सुरळीत चाललेले नाही, हे यावरून उघड आहे. तरीही भांडण कशावर आहे पाहा: कोणाचा वाटा किती, यावर. आपल्याकडे वाटा असतो हेच अजून मान्य व्हायचे आहे.

वाटा मान्य नसला की काय होते, याचा नमुना आपल्या औष्णिक वीजकेंद्रांत दिसतो. मोठ्या संचांना २७५ मीटर उंच धुराडे बांधायला लावायचे, म्हणजे पायथ्याच्या गावात धूर कमी पडतो, हा जुना नियम. उंच धुराड्याने गंधकाचा वायू नाहीसा होत नाही, तो शेकडो किलोमीटर जातो आणि वाटेत त्याचे सल्फेटचे सूक्ष्म कण बनतात. हा वायू धुऊन काढणारी एफजीडी यंत्रणा बसवण्याची सक्ती डिसेंबर २०१५ मध्ये झाली, मुदती एकामागून एक वाढल्या आणि जुलै २०२५ मध्ये केंद्राने देशातल्या बहुतांश संचांना त्यातून सूटच दिली. सक्ती कायम राहिली ती मुख्यतः राजधानी क्षेत्र किंवा दहा लाखांवर वस्तीच्या शहरापासून १० किलोमीटरच्या आत असलेल्या संचांवर. २७५ मीटरवरून सोडलेल्या वायूसाठी १० किलोमीटरचे वर्तुळ! चंद्रपूरचा महाऔष्णिक प्रकल्प तेलंगणाच्या सीमेपासून फार दूर नाही. तिथला धूर सीमेपलीकडच्या हवेत किती भर घालतो याचे उत्तर महाराष्ट्राला आज कायद्याने कोणीही विचारत नाही. पाणी अडवणाऱ्या वरच्या राज्याशी भांडताना आपण जी भाषा वापरतो, ती या बाबतीत आपल्यालाही ऐकावी लागू शकते.

पाण्यासाठी आपल्याकडे निदान मंच आहे. संविधानाचा अनुच्छेद २६२ आहे, १९५६ चा आंतरराज्य नदी जलविवाद कायदा आहे, कृष्णेसाठी १९६९ मध्ये बच्छावत लवाद बसला आणि २००४ मध्ये दुसरा. हे लवाद किती वर्षे खातात हे सांगली-कोल्हापूरकरांना मी सांगायला नको, म्हणून हवेसाठी तसाच लवाद नेमा असे मी म्हणणार नाही. पण टीएमसीत मोजलेला वाटा हातात असल्यामुळेच महाराष्ट्र व कर्नाटक निदान काही निश्चित गोष्टीवर भांडू शकतात. आयोगाच्या कायद्यात दुरुस्ती करून दर राज्याचा टनांतला वाटा, तो घटवण्याचे वर्ष आणि सोसणाऱ्या राज्याला मुदतबंद अर्जाचा हक्क, एवढे तीन मुद्दे आणता येतील. सोबत पैशाचीही सोय हवी. शेतकऱ्यांना कैदेच्या तरतुदीतून वगळले हे योग्यच झाले, परंतु त्यांच्याकडून भरपाई वसूल करण्यापेक्षा दिल्लीने पेंढा उचलण्याच्या खर्चात वाटा उचलणे मला अधिक न्याय्य वाटते, कारण टनामागे तो खर्च कारखान्यांच्या तुलनेत कसा पडतो हे त्याच हिशेबातून बाहेर येईल.

आणि यातून दिल्लीची सुटका होणार नाही. वायव्येचा किंवा पश्चिमेचा वारा पंजाब-हरियाणाचा धूर दिल्लीत आणतो तेव्हा तोच वारा दिल्लीच्या गाड्यांचा, कारखान्यांचा आणि कचऱ्याच्या डोंगरांचा धूर यमुना ओलांडून आमच्याकडे आणतो. दिल्ली सोसणारी आहे तशी पाठवणारीही आहे, पण तिच्या तक्रारींत हा भाग कधी येत नाही. अर्जाची तरतूद झालीच, तर पहिला अर्ज दिल्लीने पंजाबविरुद्ध खुशाल करावा. दुसरा उत्तर प्रदेशाने दिल्लीविरुद्ध करावा, आणि त्याला जोडायला गाझियाबादेतल्या वसुंधरा केंद्राच्या नोंदी तयार आहेत.