गाडीच्या आधी अर्थिंगचा खड्डा

इलेक्ट्रिक गाडी घेऊन आम्हाला चौदा महिने झाले. भेटेल तो पहिल्यांदा हेच विचारतो, "रेंज किती देते?" मी उलट विचारते, "रात्री गाडी कुठे लावता? तिथपर्यंत वायर येते का?" कारण आमचं सगळं घोडं तिथेच अडलं होतं.

आमची सोसायटी पुण्यात कोथरूडची, 1986 सालची. चार मजले, सोळा फ्लॅट. गाडी दारात आली आणि दुसऱ्या दिवशी चार्जर बसवायला आलेला मुलगा मीटर रूम बघून तसाच परत गेला. मग आमच्या नेहमीच्या वायरमनला बोलावलं. त्याने टेस्ट लॅम्पची एक वायर फेजला लावली, दुसरी अर्थिंगला, म्हणजे गळणारी वीज जमिनीत उतरवणाऱ्या वायरला. लागायला हवा होता तो दिवा लागलाच नाही. म्हणाला, "ताई, तुमच्या बिल्डिंगला अर्थिंग नावालाच आहे."

फ्रीज, टीव्ही, मिक्सर या सगळ्यांना ते इतकी वर्षं चाललं. गाडीच्या चार्जरला चालत नाही. तो आधी अर्थिंग तपासतो आणि ते धड नसेल तर करंट सोडतच नाही. आपल्या जिवासाठीच आहे ते. पण जुन्या इमारतीत राहणाऱ्याला हे शोरूममध्ये कुणी सांगत नाही.

अर्थिंग नवं करायचं तर आवारात खड्डा खणायचा, म्हणजे सोसायटीची परवानगी हवी. ती मिळायला पाच महिने लागले. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी मीटिंगमध्ये विचारलं, "अगं, रात्री सगळे झोपलेले असताना खाली आग लागली तर?" मला त्यांचा राग आला नाही. बातम्या त्याही वाचतात, आणि खाली सोळा घरांच्या गाड्या असतात. "काही होत नाही हो" हे त्यावरचं उत्तर नव्हे. स्वतंत्र जाड तांब्याची वायर, भार वाढला की वीज तोडणारा एमसीबी, गळती झाली की तोडणारा आरसीसीबी आणि पक्कं अर्थिंग हे उत्तर, आणि ते मी कागदावर लिहून दिलं. राग आला तो विषय दर वेळी "पुढच्या मीटिंगला घेऊ" म्हणून ढकलला गेला त्याचा. नाही म्हणायचं तर नाही म्हणा, पण कारण लिहून द्या.

त्या पाच महिन्यांत सगळं चार्जिंग बाहेर. रात्री नऊला ऑफिसमधून यायचं, जेवायचं, मग गाडी घेऊन चार्जरवर. चार्जरला दोन गन, म्हणजे गाडीत खुपसायचे प्लग, असले तर एक बंद. प्रत्येक कंपनीचं ॲप वेगळं, वॉलेट वेगळं, प्रत्येकात थोडे थोडे पैसे अडकलेले. युनिटला एकवीस रुपये, वर 18 टक्के जीएसटी. ऐंशी टक्क्यांच्या पुढे चार्जिंगचा वेग पडतो, म्हणून मागच्याचा विचार करून ऐंशीला गन काढायची. सगळेच काढतात असं नाही.

मीटरचंही सांगते, कारण हे बिल आल्यावरच कळतं. महावितरणच्या घरगुती बिलात 100, 300 आणि 500 युनिटला दर बदलतो. आमचा महिन्याचा वापर 180 च्या आसपास. गाडी महिन्याला हजार किलोमीटर चालते, म्हणजे आणखी दीडशे युनिट. गाडीची सगळी वीज आधीच वरच्या दराने, त्यात शेवटचे तीसेक युनिट 300 च्याही पलीकडे. म्हणून आम्ही गाडीसाठी वेगळं मीटर घेतलं. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राने वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम बदलले, त्यात ईव्हीसाठी स्वतंत्र जोडणी मागता येते. ज्यांना सोसायटीत अर्ज करायचाय त्यांनी ही तरतूद हाताशी ठेवा.

रेंजचं म्हणाल तर आम्ही पुण्याहून चिपळूणला आईकडे कुंभार्ली घाटातून जातो. परतताना घाट चढायलाच बारा टक्के बॅटरी जाते. पण उतरताना माथ्यावर 46 टक्के होते, पायथ्याच्या पोफळीला पोचलो तेव्हा 48. ब्रेक दाबायचीही फारशी गरज पडत नाही, उतारावर गाडी स्वतःच वीज तयार करते. कोयनेचं पाणी याच सह्याद्रीच्या कड्यावरून खाली पोफळीला आणून वीज करतात. लहानपणापासून एसटीतून हा घाट उतरले, पण त्या दिवशी तो आकडा वाढताना बघून मला फार आनंद झाला. पेट्रोलला किलोमीटरमागे सव्वासात रुपये जायचे, ते आता दोनाच्या आत आलेत. गाडीबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

माझी मावसबहीण सदाशिव पेठेत राहते. तिलाही घ्यायची आहे, पैसे साठवलेत. तिची गाडी रस्त्यावर, तीही पी-1 पी-2 च्या पाटीप्रमाणे आज या बाजूला, उद्या त्या बाजूला. तिने वायर कुठून ओढायची? मी तिला स्पष्ट सांगितलं, आत्ता घेऊ नकोस. सांगताना वाईट वाटलं. टोलमाफी आहे, सबसिडी आहे, पण रस्त्यावर गाडी लावणाऱ्याला त्याने रात्रीचा प्लग मिळत नाही. मॉलमध्ये आणि हायवेला मोठे फास्ट चार्जर येतायत, येऊ देत. पण शहरात गाडी रात्रभर उभीच असते. तिला साधा तीन किलोवॅटचा पॉइंट पुरतो. दिव्याच्या खांबांजवळ, महापालिकेच्या वाहनतळांवर असे पॉइंट द्या. नाहीतर ही गाडी स्वतःचं पार्किंग असणाऱ्यांचीच राहील, आणि मला ते पटत नाही.

आमचा खड्डा शेवटी जास्वंदीशेजारी खणला, सात फूट. पाइप उभा केला, भोवती कोळसा, मीठ, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ असे थर घातले आणि बादलीने पाणी ओतलं. वायरमनने मीटर रूमचं सगळं अर्थिंग त्याला जोडलं. दिवा लख्ख लागला.

चार दिवसांनी काकू जिन्यात भेटल्या. त्यांच्या वॉशिंग मशीनला ओला हात लागला की कित्येक वर्षं झिणझिण्या यायच्या, म्हणून त्या पायात रबरी चप्पल घालूनच कपडे काढायच्या. म्हणाल्या, "अगं, आता काहीच येत नाही."