निळ्याला प्रवेश नाही

परवा मॅचला गेलो तर गेटवर माझा मफलर जमा करून घेतला. कारण काय, तर तो निळा होता. आमचा फुटबॉल क्लब जन्मापासून निळा. पण पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या शेठनी तो विकत घेतला, त्यांच्या टाक्या पिवळ्या, म्हणून टीमलाही कावीळ झाली. इथवर गिळलं होतं.

गेटवरचा वॉचमन शेठच्या फॅक्टरीतून आणलेला. त्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि नजर गळ्याशी थांबवली.

"साहेब, हे निळं आत नाही जाणार."

"अहो, क्लबचाच रंग आहे हा!"

"होता."

"पण निळ्यानं शेठचं काय घोडं मारलंय?"

त्यानं आवाज खाली आणला. "दुसऱ्या कंपनीच्या टाक्या निळ्या येतात."

म्हणजे मी इतकी वर्षं गळ्यात क्लब नव्हे, शेठच्या प्रतिस्पर्ध्याची जाहिरात घालून फिरत होतो!

"आज पाहुणी टीम निळ्या जर्सीत आहे. त्यांना कसं सोडलंत?"

"त्यांना गेटपास आहे."

"माझ्याकडे तिकीट आहे."

"तिकीट माणसाचं आहे. मफलरचं नाही."

यावर वकीलसुद्धा गप्प बसला असता. मग त्यानं रजिस्टर काढलं, तेही फॅक्टरीतलंच. मालाचं नाव: निळं कापड. नग: एक. वजन? "अंदाजे लिहा," मी म्हणालो. अंदाजे चालत नाही म्हणे. मफलर हातावर तोलून त्यानं काहीतरी आकडा टाकला. पुढचा रकाना मालाच्या स्थितीचा. मफलरची कड दोन बोटांत धरून तो म्हणाला, "उसवलाय."

"पेनल्टीच्या वेळी दातात धरतो मी."

"मग कारण 'दात' लिहू?"

मागून कुणीतरी ओरडलं, "काका, आटपा की, किक-ऑफ झाला!" वॉचमननं शांतपणे 'दात' लिहिलं, खाली माझी सही घेतली आणि मला पिवळी पावती दिली.

आत शेजारच्या गृहस्थांना हे सांगितलं, तर म्हणे, "पैसा शेठचा, मग रंगही शेठचा." हा युक्तिवाद जगभर चालतो. वेल्समधल्या कार्डिफ सिटी क्लबचे मलेशियन मालक व्हिन्सेंट टॅन यांनी २०१२ मध्ये निळ्या टीमला लाल कपडे चढवले. क्लबचं टोपणनाव ब्लूबर्ड्स, म्हणजे निळे पक्षी, पण बोधचिन्हावर भलामोठा ड्रॅगन आला आणि बिचारा पक्षी खाली कोपऱ्यात गेला. पंचाईत अशी की पुढच्याच वर्षी टीम इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या, प्रीमियर लीगमध्ये पोचली! आता शिव्या द्यायच्या की टाळ्या वाजवायच्या? निळा परतला तो २०१५ मध्ये, तोवर टीम पुन्हा खाली घसरली होती. इंग्लंडमधल्या हल सिटी क्लबचे मालक असेम अल्लम तर त्याच शहरातले, जनरेटरच्या धंद्यातले. क्लब बुडताना त्यांनीच पैसा ओतला, हे खरं. पण मग त्यांना क्लबचं नावच 'हल टायगर्स' करायचं होतं. २०१४ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं नकार दिला म्हणून नाव वाचलं. वाघाला जनरेटर जोडायचा तेवढा राहिला.

जर्मनीत बऱ्यापैकी शहाणपणा आहे. तिथे '५०+१' असा नियम आहे, म्हणजे थोडे अपवाद सोडले तर मतांचं बहुमत क्लबच्या सभासदांकडेच राहतं. शेठनी हवा तेवढा पैसा घालावा, रंग मात्र विचारून बदलावा.

आणि रंगाचं एक वेळ सोडा. आमच्या शेठनी ओतलेला पैसा हिशेबात देणगी म्हणून नाही, कर्ज म्हणून लिहिलाय. मैदान त्यांच्याच दुसऱ्या कंपनीच्या नावावर गेलंय आणि आमचा क्लब स्वतःच्याच घरात भाडेकरू झालाय. इंग्लंडमधला 'बरी' नावाचा १८८५ सालचा क्लब डिसेंबर २०१८ मध्ये एका पौंडाला विकला गेला, आणि पैशांची तजवीज दाखवता आली नाही म्हणून ऑगस्ट २०१९ मध्ये लीगमधून हाकलला गेला. मालक बदलून वर्षही झालं नव्हतं.

म्हणून समर्थकांच्या सभेत मी विचारलं, उद्या टाक्या खपल्या नाहीत तर टीम खेळणार कुठे, आणि आत्ता भाडं किती देतोय आपण? शेठ माइकवरून म्हणाले, "आधी पिवळं घालून या, मग बोलू." सभागृह खो खो हसलं. शेजारचे गृहस्थ तर डोळे पुसत होते. भाड्याचा आकडा अजून कुणीही सांगितलेला नाही.